घराला ऐकू येतं

रत्नागिरीच्या त्या घरात मी पहिलं वाक्य बोलले ती एक शिवी होती. ह्यांची बदली झालेली, ट्रक उशिरा आलेला, दहा महिन्यांचा धाकटा कडेवर रडत असलेला, आणि चार वर्षांच्या थोरलीनं स्टोव्हची पिन शोधताना रॉकेलची बाटली नेमकी तांदळाच्या पोत्यावर कलंडवली. "तुझा मुडदा बशिवला," म्हणत मी हात उगारला. तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडून एक शांत आवाज आला, "शंभर वर्षं जग गो बाय."

माझा हात तसाच राहिला. घरात आमच्याशिवाय कोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं. थोरलीनं मात्र भिंतीकडे बघून "हो" म्हटलं आणि पुन्हा पिन शोधायला लागली.

ती आमची घरमालकीण. आळीत सगळे तिला काकू म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. साठीच्या आसपासची, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घर चिऱ्याचं, कौलारू. मधोमध फळ्यांची भिंत घालून अर्धं तिनं स्वतःला ठेवलं होतं आणि अर्धं आम्हाला दिलं होतं. त्या फळ्या आढ्यापर्यंत पोचतच नव्हत्या, त्यामुळे आमच्याकडे सोडलेला सुस्कारासुद्धा तिच्याकडे जाई.

मी सांगलीकडची. आमच्याकडे पोरांना शिव्या घालतात त्या रागानं नव्हे, सवयीनं. आईच्या तोंडच्या सगळ्या शिव्या मी लग्नात मिळालेल्या भांड्यांसारख्या बरोबर आणल्या होत्या आणि रोज वापरत होते. मी "जळलं मेलं ते दूध" म्हटलं की पलीकडून येई, "वर आलं, उतू गेलं, बरकत झाली." मी धाकट्याला "पडशील, डोकं फुटेल" म्हटलं की, "नीट उतरतोय तो. उतरला बघ." मी "या पोरांनी माझा जीव घेतला" म्हटलं की तिथं जरा वेळ लागे, आणि मग, "आईचा जीव आहे पोरांवर, असं म्हणायचंय तिला." हे शेवटचं मला उद्देशून नसे. ते वर आढ्याकडे बघून म्हटलेलं असे. हे मला नंतर कळलं, तिच्या खोलीत बसून तिला बोलताना पाहिलं तेव्हा. बोलून झालं की ती मान वर करी आणि थोडी थांबे. मग पुन्हा तांदूळ निवडू लागे.

"घर ऐकतंय," असं ती म्हणे. देव नव्हे, भूत नव्हे, घर.

वास्तुपुरुष घरात बसून 'तथास्तु' म्हणत असतो, हे मला कोणी नव्यानं सांगायला नको होतं. आपण सगळेच तांदूळ 'संपले' म्हणत नाही, 'वाढले' म्हणतो. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. पण हे आपण तोंडदेखलं बोलून मोकळे होतो. काकूनं त्या एवढ्याशा वाटेवरून पार शेवटपर्यंत जायचं ठरवलं होतं. पावसाआधी कौलं परतायला गडी येत, तेव्हा त्यांनाही 'गळतं' म्हणायची बंदी असे. "काकी, हितं पानी उतरतंय," असं ते वरून सांगत. काम झाल्यावर शिडी उतरण्याआधी छपरावरूनच "घर मजबूत आहे" असं मोठ्यांदा म्हणायचं, तेव्हाच चहा. त्यांतला एक म्हातारा गडी तर विडी काढून ठेवून, हात जोडून म्हणायचा.

सारवण ती स्वतः करी, आमच्याही बाजूचं. शेणाच्या पाण्यात हात घालून कालवताना पुटपुटे. मला वाटायचं, काही मंत्र असेल. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर, "पोरं खातात, पोरं झोपतात, पोरं वाढतात." माझ्या पोरांची नावं घेऊन. मग हाताचे अर्धगोल काढत, मागं मागं सरकत ती दाराशी येई आणि ओल्या जमिनीकडे समाधानानं बघे. मला हसू येई, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटे. परक्या गावात माझ्या पोरांचं नाव दुसरं कोण घेत होतं?

ह्यांना तिची थट्टा करायची फार हौस. एकदा काकू बाजारात गेली असताना ओट्यावर हातपाय ताणून हे आढ्याकडे बघत म्हणाले, "महाराज, एकदा पंधरा दिवस नुसतं पडून राहायला मिळू द्या." मी हसले. वर पाल चुकचुकली. आपण करतो तसं मी जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं आणि विसरून गेले.

काकू आली ती पिशवी घेऊन दारातच थांबली. "मी नसताना कोण काय बोललं?"

"काही नाही हो काकू."

"बोललंय," ती म्हणाली. "घराला मस्करी कळत नाही गो. बारक्या पोरासारखं असतं ते. सांगितलेलं तेवढं ऐकतं."

चौथ्या दिवशी ह्यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ. पंधरा दिवस मिठाशिवायचा भात खाऊन हे पडून होते आणि सोळाव्या दिवशी उठून कचेरीत गेले. कावीळ पाण्यातून होते हे मला कळतं. गावात त्या वर्षी चार जणांना झाली होती. तरीही त्यानंतर ह्यांनी आढ्याकडे बघून काही मागितलं नाही, आणि माझ्याही शिव्या निम्म्यावर आल्या.

आता शनिवारचं सांगते.

दर शनिवारी दुपारी चार वाजता एक म्हातारे गृहस्थ यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीशी धाकट्याला भरवत होते आणि घास माझ्याच हातात राहिला. आळीच्या वळणापर्यंत ते मान खाली घालून साधे चालत आले. वळणावर थांबले, पाठ फिरवली आणि तिथून आमच्या बेड्यापर्यंतची वीसेक पावलं उलटी चालत आले. आमच्याकडे बांबूच्या आडव्या दांड्यांचं फाटक होतं, त्यालाच बेडं म्हणतात. बेड्याला पाठ टेकली तसे ते उभे राहिले, तोंड रस्त्याकडे. काकू कपबशी घेऊन गेली. त्यांनी मागं हात करून कप घेतला. ती अंगणात, ते रस्त्यावर, मध्ये बेडं, आणि ती त्यांच्या पाठीशी बोलत होती. भात लावणीला आला, अमक्याची मुलगी बाळंत झाली, असलं साधं. चहा झाला, कप मागं आला आणि ते वळणापर्यंत न वळता निघून गेले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

थोरलीनं रात्री जेवताना विचारलं, "आई, त्या आजोबांना तोंड नाही का?"

मी तिला गप्प केलं, पण मलाही तेच विचारायचं होतं. आठ-दहा शनिवार गेले. मग एकदा सारवताना, मला हात कसा फिरवायचा ते शिकवत असताना, काकूनं आपणहून सांगितलं.

"आमचे हे ते."

मला तिच्या कुंकवाकडे बघायचा धीर झाला नाही.

"बोटीवर होते. नऊ महिने पाणी, तीन महिने घर. एकदा भांडण झालं. कशावरून ते नाही गो आठवत. मी उंबऱ्यात उभी राहून बोलले, 'या घराला तुमचं तोंड पुन्हा दिसता कामा नये.' बोललं गेलं. ते गेले." तिचा हात जमिनीवरून फिरतच होता. "दुसऱ्या सुट्टीला आले, तर ओट्यावर चढताना वरचं कौल सुटलं नि कपाळावर पडलं. टाके घातले. त्याच्या पुढच्या सुट्टीला अंगणात आले नि चक्कर आली. तिसऱ्यांदा मीच बोलले, येऊ नका. घरानं धरून ठेवलंन ते बोलणं."

"मग तुम्ही का नाही गेलात त्यांच्याकडे?"

"घर सोडून? एकटं घर कोणाचंही ऐकतं. आणि बोलले कोण? मी. मग राखायचं कोणी?"

आता ते बोटीवरून निवृत्त होऊन दोन आळ्या सोडून भाच्याकडे राहत होते. तीस वर्षं. शनिवारचा एक कप चहा, पाठमोरा. मला तिची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. एवढ्याशा वाक्यासाठी दोन माणसांचा संसार बेड्याच्या दोन बाजूंना? मी ह्यांना सांगितलं तर हे नुसतेच आढ्याकडे बघत राहिले.

पोरांना मात्र त्यात काही वावगं वाटेना. थोरली शनिवारी बेड्यापाशी जाऊन आजोबांशी पाठीला पाठ लावून बोलत उभी राही. ते तिला सुपारीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद देठाची, होडी करून देत. शाळेतून येताना ती कधी कधी त्यांच्या भाच्याच्या घरी डोकावते, हे मला माहीत नव्हतं.

आणि मग तो शनिवार. हे फिरतीवर सावर्ड्याला गेलेले. काकू भाचीच्या लग्नाला माहेरी, पूर्णगडला, दोन दिवस. धाकट्याला ताप, रात्रभर झोप नाही. काकू नाही म्हणून सगळं सारवण मी एकटीनं केलं होतं, कंबर मोडून. शेवटचा हात फिरवून मी दाराशी सरकत आले, एवढ्यात थोरली मागल्या दारानं धावत आली आणि तांबड्या चिखलानं भरलेल्या पायांनी ओल्या सारवणावरून थेट या टोकाला. अर्धं घर उकरलं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी अगदी सावकाश, दात आवळून म्हणाले, "चालती हो. पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर बघ."

पलीकडून काही आलं नाही. मी वाट बघतेय हे मला तेव्हा कळलं. फळ्यांपलीकडे नुसती शांतता. मग वर पाल चुकचुकली आणि माझे हात शेणात होते, बोट आपटायचं राहून गेलं.

थोरलीनं आढ्याकडे पाहिलं. मग ती बाहेर गेली.

धाकटा रडायला लागला, त्याला औषध दिलं, मांडीवर थोपटलं, त्यातच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा अडीच वाजले होते. थोरली अंगणात नव्हती. शेजारी नव्हती. पहिली विहिरीकडे धावले. काठावर वाकून बघितलं, पाणी शांत होतं, त्यात माझंच तोंड. रहाटाचा दोर हातात धरून मी कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत उभी राहिले, कारण नजर काढली आणि तेवढ्यात काही वर आलं तर? मग शेजारची माणसं जमली. दोघे मांडवीच्या बाजूला किनाऱ्याकडे गेले. एकजण शाळेकडे. मी घरात आले की त्या सारवणावरची तिची पावलं दिसत. आता ती वाळत आली होती. सगळी आत येणारी, आणि दाराशी चारच बाहेर जाणारी.

चारच्या सुमाराला काकू एसटीनं आली. बेड्याबाहेर गर्दी बघून ती तिथंच थांबली. कोणी काही सांगायच्या आत तिनं मला विचारलं, "काय बोललीस?"

"काकू, पोर नाहीये, तुम्ही आधी..."

"जसंच्या तसं सांग. वाढवू नको, गाळू नको."

मी सांगितलं. सगळ्या लोकांसमोर. माझं वाक्य माझ्याच कानांना दुसऱ्याच कोणा बाईचं वाटलं.

"मग लांब नाही गेली," काकू म्हणाली. "तिला येता येत नाहीय."

तेवढ्यात कोणीतरी वळणाकडे बोट दाखवलं. आजोबा आले होते, नेहमीच्या वेळेला. वळणावर थांबले, पाठ फिरवली आणि उलटे चालू लागले. त्यांच्या हाताला धरून माझी पोर चालत होती. तीही उलटी. तिचा निळा फ्रॉक, दोन वेण्या, तांबड्या चिखलाच्या टाचा, आणि एक एक पाऊल मागं टाकत ती माझ्याकडे येत होती.

मी धावले, तिला उचललं, छातीशी धरलं. तिनं तोंड माझ्या खांद्यात घुसवलं, घराकडे पाहिना. बेड्यापाशी आले आणि आत पाऊल टाकलं तशी ती ताठ झाली, लाकडासारखी, आणि श्वासच घेईना. ओठ निळसर झाले. मी घाबरून मागं सरले तसा तिनं श्वास घेतला.

"ओढू नको," काकू म्हणाली.

"मला नाही येता येत," पोर माझ्या कानात म्हणाली. "तू बोललीस. घरानं ऐकलं. मी आता आजोबांसारखी."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, मी चुकले, मी तसं नाही म्हणाले, ये. ती नुसती मान हलवत राहिली. पाच वर्षांची पोर. तिला मी काय समजावणार होते, आणि मला तरी समजलं होतं का? आत धाकटा तापानं फणफणलेला एकटा होता आणि बाहेर ही.

काकूनं हातातली पिशवी खाली ठेवली. "हे बघ बाय. बोललेलं परत नाही घेता येत. मी तीस वर्षं बघितलंय. पण घराला नाव नाही सांगितलंस तू. 'पाऊल टाकलंस तर' एवढंच बोललीस. कोणाचं ते आता सांग. आत जा, उंबऱ्यात उभी राहा नि सांग, 'ते मी काकूला बोलले.'"

"काहीतरीच काय, काकू."

"तुला पोर आत पाहिजे ना?"

मी शिकलेली बाई. मॅट्रिकला मला विज्ञानात चांगले गुण होते. मी पोरीला काकूच्या हातात दिलं, आत गेले, उंबऱ्यावर उभी राहिले आणि आढ्याकडे बघून त्या घराच्या मालकिणीला म्हणाले, "पुन्हा या घरात पाऊल टाकलंत तर बघा, काकू. ते तुम्हाला म्हटलं होतं."

वर पाल चुकचुकली. या वेळी मी बोट आपटलं नाही. मुद्दामच.

बाहेर थोरली काकूच्या कडेवरून उतरली, बेड्यातून आत आली, अंगण ओलांडून माझ्या शेजारून घरात शिरली आणि म्हणाली, "भूक लागली." मी तिला पोटाशी धरून रडले. ती चपाती मागत राहिली.

काकू आत आली नाही. मला वाटलं, लोक पांगले की येईल. दिवेलागण झाली तशी मी बाहेर आले. ती बेड्याबाहेर, आजोबांच्या शेजारी, घराकडे पाठ करून उभी होती. "बाय, खुंटीवरचं माझं लुगडं तेवढं आणून दे," ती न वळता म्हणाली. मी आणून दिलं. तिनं मागं हात करून घेतलं. आजोबांनी तिची पिशवी उचलली आणि दोघं चालू लागली. त्यांना बरोबर चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ती रडत होती का हसत होती, मला कळायला मार्ग नव्हता. मी फक्त पाठ पाहिली.

हे परत आल्यावर तिला आणायला भाच्याच्या घरी गेले. ती हसली म्हणे, चहा दिला, आणि आली नाही.

मग ते घर माझ्यावर आलं. सारवण, कौलं, झावळ्या बांधणं, सगळं. गडी छपरावरून "घर मजबूत आहे" म्हणत तेव्हा मी खाली चहा घेऊन उभी असे. दुरुस्त करणारं पलीकडे कोणी नाही म्हणून मी बोलणंच जपून बोलू लागले. एकदाच चुकले. दूध नासलं आणि "वाटोळं झालं मेल्याचं" असं तोंडून गेलं. पोरगी शाळेत होती, धाकटा माझ्या पायाशी. काकूच्या कुलूप लावलेल्या बाजूनं, फळ्यांपलीकडून आलं, "शंभर वर्षं जग गो बाय." धाकट्यानं मान वर केली. म्हणजे त्यानंही ऐकलं.

शनिवारी मी काकूला ते सांगितलं. आता दर शनिवारी ती दोघं यायची, वळणापासून उलटी, आणि दोन कप मी नेत असे. ती म्हणाली, "मग घरानं शिकून घेतलंन म्हणायचं." तिच्या आवाजात मला कौतुक वाटलं.

दीड वर्षानं पुन्हा बदली झाली. ट्रक भरून गेला. घर दोन्ही बाजूंनी रिकामं झालं. किल्ली द्यायला मी बेड्याशी गेले तेव्हा काकू एकटीच होती, पाठमोरी. मी म्हणाले, "काकू, आता आम्ही नाही. कोणाला काही त्रास नाही. आता तरी आत जा. तुमचं घर आहे."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "जाईन की. पण मग तो शब्द कोणाच्या अंगावर जाईल, तू सांग."

माझी पोर माझा हात धरून उभी होती. सात वर्षांची होत आली होती, पुढचे दोन दात पडलेले, सांगलीला जायचं म्हणून खूश. मला म्हणता आलं असतं, काकू, हे सगळं मनाचे खेळ आहेत, जा आत. मी तेच मानत होते, आजही मानते. म्हणायला तोंड उघडलंही. पोरीचा हात माझ्या हातात होता, ओलसर, गरम.

मी कमरेची किल्ली काढली. काकूनं मागं हात केला, मी किल्ली त्यावर ठेवली. रिक्षात बसेपर्यंत मी पोरीचा हात सोडला नाही, आणि तिला मागं वळूनही बघू दिलं नाही.